थेंब परत नळीत

कागद तुम्ही जाळलेत, साहेब. यंत्रानं जाळले म्हणू नका, यंत्राला हात नव्हते. जिल्हा कचेरीच्या मागं, जिथं जप्त केलेले वाळूचे ट्रॅक्टर गंजत उभे असायचे, तिथं तुम्ही लाल फडक्यातले गठ्ठे रचायला लावलेत, नारळ फोडलात आणि फोटोवाल्याला धूर मागं दिसेल असं उभं राहायला सांगितलंत. भाषणात म्हणालात, आजपासून धूळ गेली, वाळवी गेली, आणि 'फाइल सापडत नाही' हे वाक्यही गेलं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत शिवकन्या होती. तिला नोकरी लागून महिनाही झाला नव्हता.

मी तेव्हा तुरुंगात होतो. अजून आहे.

माझं नाव गंगाधर. मारोती माझा गाववाला, माझ्याच केसमधला. गावच्या तलावातल्या मासेमारीच्या ठेक्यावरून सांडव्यावर मारामारी झाली, काठ्या चालल्या आणि उत्तम नावाचा तरणा गडी मेला. आम्हा दोघांना जन्मठेप झाली. त्या शिक्षेबद्दल माझं काही म्हणणं नाही. शिवकन्या ही मारोतीची मुलगी. आम्ही आत आलो तेव्हा ती रांगत होती. तिची आई तापानं गेली आणि माझ्या बायकोनं, अनुसयानं, तिला घरी आणलं. आमचं लेकरू नव्हतं. अनुसयानं तिला खाऊ घातलं, शाळेत घातलं, तुरुंगात आमच्या मुलाकातीला येताना कडेवर आणलं, पुढं हाताला धरून आणलं. पोरगी हुशार निघाली. एका एजन्सीनं तिला कचेरीच्या अभिलेख कक्षात कंत्राटावर घेतलं. एजन्सीनं मार्क विचारले, बाप कुठं राहतो ते विचारलं नाही.

जन्मठेपेच्या माणसाचा चौदा वर्षांनंतर सुटकेचा प्रस्ताव जातो. त्यात पोलीस ठाण्याचा अहवाल लागतो. हा माणूस गावात परत आला तर काही होईल का, मेलेल्याच्या घरचे काय म्हणतात, हे ठाणेदारानं जाऊन बघायचं. आमचा ठाणेदार भला माणूस होता. तो उत्तमच्या आईकडं गेला, सोजरबाईकडं. तिच्या ओसरीवर बसून त्यानं तिचा जबाब घेतला. ती म्हणाली, माझा गेला तो गेला, त्या पोरीचा बाप तरी तिला दिसू द्या. आणि दुसऱ्यालाही सोडा, त्याच्या बायकोनं दुसऱ्याचं लेकरू वाढवलंय. सोजरबाईनं अंगठा दिला. ठाणेदारानं दोघांचा मिळून एक अहवाल लिहिला, 'सुटकेस हरकत नाही', आणि जबाब जोडून कचेरीत पाठवला. कचेरीत तो पोचला. हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

मग आम्हा दोघांचे प्रस्ताव गठ्ठ्यात गेले.

तुमच्या कचेरीत टेबलावरच्या कामाचे सहा गठ्ठे करतात, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण वाचणाऱ्याला सांगतो. पहिला गठ्ठा करायच्या कामांचा. दुसरा, ज्यात दुसऱ्या कचेरीचं उत्तर यायचंय अशा कामांचा, त्याला प्रतीक्षाधीन म्हणतात. साहेब मोजतात तो पहिला गठ्ठा. म्हणून महिनाअखेर आली की बाबू लोक काय करतात, पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक प्रकरणात कुठल्या तरी कचेरीला एक स्मरणपत्र ठोकतात. स्मरणपत्र गेलं की प्रकरण दुसऱ्या गठ्ठ्यात जातं, पहिला गठ्ठा शून्य होतो, साहेबांचा सत्कार होतो. आमच्या प्रस्तावांत विधी खात्याचं मत मागवलं होतं. दर महिन्याला त्यांना स्मरणपत्र जायचं. तो मजकूर ठरलेला, संगणक आपोआप काढतो. त्यासाठी फाइल उघडावी लागत नाही. आमच्या फाइली वर्षानुवर्षं कोणी उघडल्याच नाहीत.

कागदाच्या जमान्यात यानं काही बिघडलं नसतं. न उघडलेला गठ्ठा तसाच पडून राहतो, फार तर उंदीर कोपरा खातो. तुमच्या यंत्रात तसं नाही.

हे यंत्र मी तुरुंगाच्या वाचनालयातली पुस्तकं वाचून आणि शिवकन्याला विचारून विचारून समजून घेतलं. माशात, भातात, माणसात डीएनएचा धागा असतो, आणि त्यावर चारच अक्षरांत सगळा मजकूर असतो, हे शाळेत शिकवतात. कंपनीनं धागा हातानं बनवला आणि मजकूर कचेरीचा घातला. कोणाचा फेरफार, कोणाचा वारस दाखला, माझा न्यायनिवाडा, सगळं त्या चार अक्षरांत. त्याचे बारीक तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकाला त्या त्या फाइलचा पत्ता जोडला. एका पोलीस ठाण्याची सगळी प्रकरणं करंगळीच्या पेराएवढ्या एका नळीत मावली. आत कप्पे नाहीत, क्रम नाही, सगळ्या फाइली पाण्यात एकत्र. फाइल हवी असली की नळीतून एक थेंब काढायचा, त्यात हव्या त्या पत्त्याला चिकटणारं द्रावण घालायचं, आणि तो थेंब तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा. दर फेरीला त्या पत्त्याचे धागे दुप्पट होतात. थोड्या वेळात थेंबात तीच फाइल इतकी माजते की बाकीच्या दिसेनाशा होतात. मग यंत्र ती वाचतं.

इथवर खोट नाही. वाचून उरलेला थेंब फेकून द्यावा, असं कंपनीच्या पुस्तकात छापलंय. पण थेंब काढत गेलं तर नळी संपणार, आणि नवी नळी बनवून आणायला खर्च. तुम्ही शेरा मारलात: 'उरलेला थेंब परत नळीत सोडावा.' खाली सही केलीत. शिवकन्यानं तो शेरा डोळ्यानं पाहिलाय.

म्हणजे काय झालं? मागितलेली फाइल नळीत परत जाताना लाखोंनी जाते. न मागितलेली होती तेवढीच राहते. दर तिमाहीला जुन्या नळीतून थोडं घेऊन पुढची नळी लावतात, आपण दुधाला विरजण लावतो तशी. त्या चमच्यात जे येतं ते पुढं जातं. जे आधीच विरळ झालंय ते एखाद्या वेळी चमच्यात येतच नाही, मग ते कायमचं गेलं. दुसऱ्या शहरात ठेवलेली राखीव नळीही याच नळीतून लावलेली, त्यामुळं तिच्यातही तेच.

हे शिवकन्याला कंपनीच्या इंजिनिअरनं चहा पिता पिता सांगितलं. बिल्डर लोकांच्या जमिनीच्या फाइली चुटकीसरशी येतात आणि काही काही यायला दुपार होते, असं का, असं तिनं सहज विचारलं होतं. तो हसला. म्हणाला, "मॅडम, या यंत्रात लाजाळू माणसाचं काही खरं नाही. ज्याला कोणी विचारत नाही तो पातळ होत होत जातो."

साहेबांना सांगितलंत का, असं तिनं विचारलं. तो म्हणाला, लेखी कळवलंय. उत्तर आलं होतं की आपला अहवाल नोंदवून घेतला आहे.

तिला बाप आठवला. बापाची फाइल कोण विचारतंय? नातेवाइकाची फाइल कर्मचाऱ्यानं मागवायची नाही असा नियम. मागणीला कारण लागतं, वरिष्ठाची मंजुरी लागते. पण एक वाट होती. रोज सकाळी कचेरी उघडायच्या आधी ऑपरेटरनं प्रत्येक नळीवर एक चाचणी मागणी लावायची, यंत्र चालतंय का बघायला. फाइल कुठलीही चालते. पहिलं पान पडद्यावर आलं की चाचणी पास, पुढची पानं वाचायची नाहीत, द्रावण वाया जातं. पहिलं पान आलं की बंद. आमच्या ठाण्याच्या नळीवर ती चाचणी लावायचं काम शिवकन्याचं होतं.

ती रोज बापाची फाइल मागवायला लागली. पहिल्या पानावर बापाचं नाव, आणि खाली कागदपत्रांच्या रकान्यात 'पोलीस अहवाल: प्राप्त'. तेवढं बघायची, समाधान व्हायचं, बंद करायची. आमच्या ठाण्याच्या त्या नळीला दुसरं कोणी हात लावत नव्हतं. गरिबांच्या जुन्या केसी. तिथं रोज एकच नाव दुप्पट, चौपट, लाखपट होत राहिलं.

मुलाकातीला काचेच्या पलीकडून तिनं हे सांगितलं तेव्हा मारोती पोटावर हात मारून हसला. बराकीत आल्यावर ज्याला त्याला सांगत सुटला की आपली फाइल पोसून पोसून म्हशीएवढी झालीय. पुढच्या मुलाकातीला मी अनुसयाला काचेपलीकडचा बोलायचा फोन शिवकन्याकडं द्यायला सांगितलं.

"शिवा, माझी पण बघत जा की."

"काका, चाचणी एकच असते."

"मग एक दिवस त्याची, एक दिवस माझी."

ती बापाकडं बघत राहिली. मारोतीनं माझ्या हातातला फोन घेतला. म्हणाला, "आधी एकाचं तर होऊ दे गंग्या. मी बाहेर पडलो की तुझ्याच मागं लागतो." आणि तिला म्हणाला, "बदलू नकोस. चालू आहे ते चालू दे."

अनुसया पलीकडं उभी होती. तिला फोनवरचं ऐकू येत नव्हतं, पण माझ्या तोंडाकडं बघून तिला काहीतरी कळलं. तिनं घरी जाऊन पोरीला विचारलं. पोरगी म्हणाली, काकू, मी करते काहीतरी. केलं नाही. रोज सकाळी ठरवायची आणि रोज सकाळी बोट बापाच्याच क्रमांकावर जायचं, असं तिनं मला नंतर सांगितलं. आजचा दिवस चुकवला आणि आजच सुटका ठरवणाऱ्या समितीनं मागितली तर, अशी भीती वाटायची.

मग विधी खात्याचं मत आलं आणि समितीची तारीख लागली.

तुरुंगात रिवाज आहे. सुटणारा माणूस आपलं सामान बराकीत वाटून जातो. ते सोबत नेलं तर परत यावं लागतं, असं मानतात. मारोतीला इतकी खात्री होती की त्यानं समितीच्या आदल्याच दिवशी वाटप केलं. घोंगडी शेजारच्या वामनला, पाण्याचा मग दुसऱ्याला, रेडिओ तिसऱ्याला. मला म्हणाला, तुला काय देऊ. मी म्हणालो, माझी फाइल दे. बराक हसली.

समितीच्या दिवशी यंत्रावर शिवकन्याच होती. मारोतीची फाइल मागितली. चहाचे कप टेबलावर टेकायच्या आत पहिलं पान पडद्यावर. अध्यक्ष म्हणाले, वा, याला म्हणतात यंत्र. पानं पुढं सरकली. निकाल आला, वर्तणुकीचा दाखला आला, विधी खात्याचं मत आलं. मग पोलीस अहवालाचं पान आलं. त्यावर एक ओळ होती.

'अहवालासाठी अनुक्रमांक एक, गंगाधर यांची संचिका पाहावी.'

ही तुमच्या बाबू लोकांची जुनी खोड. दोघातिघांचं मिळून एक पत्र आलं की ते पहिल्या नावाच्या फाइलला लावायचं आणि बाकीच्यांत एक चिठ्ठी टाकायची. झेरॉक्स काढायचा कंटाळा. कागद कपाटात शेजारी शेजारी असायचे तेव्हा हे चालून जायचं, हात लांब केला की दुसरी फाइल. केसमध्ये पहिलं नाव माझं. सोजरबाईचा अंगठा माझ्या फाइलमध्ये होता. शिवकन्यानं रोज सकाळी जे पोसलं ते नाव होतं आणि एक चिठ्ठी होती.

माझी फाइल मागितली. यंत्र तापलं, निवलं, तापलं. चहा संपला. दुसऱ्यांदा लावली. जेवणाची वेळ झाली. पडद्यावर आलं, 'अभिलेख आढळून येत नाही.'

शिवकन्या उठून उभी राहिली. ऑपरेटरनं बोलायचं नसतं, पण ती बोलली. अहवाल आलाय, पहिल्या पानावर 'प्राप्त' लिहिलंय, असं म्हणाली. एका सदस्यानं चष्मा काढून तिच्याकडं बघितलं.

"प्राप्त झालंय हे दिसतंय, बाई. काय प्राप्त झालंय ते दिसत नाही."

दोन्ही प्रस्ताव नस्तीबद्ध झाले. म्हणजे बंद. त्यानंतर सगळे जेवायला गेले.

अहवाल नव्यानं मागवायचं ठरलं असतं तरी काय होणार होतं? ठाण्यातली प्रतही तुमच्याच नळीत गेलेली आणि तिलाही कोणी विचारलेलं नाही. तो ठाणेदार सेवानिवृत्त होऊन मुलाकडं परदेशात गेला. सोजरबाई वारली. तिचा धाकटा मुलगा आता उपसरपंच आहे आणि तलावाचा ठेका त्याच्याकडं आहे. आम्ही परतावं असं त्याला कशाला वाटेल? नव्या ठाणेदारानं एकदा सहज विचारलं तर तो म्हणाला, आमच्या आईनं असं काही म्हटल्याचं आम्हाला आठवत नाही. ओसरीवर तेव्हा तो स्वतः बसलेला होता.

अनुसयाला हे सगळं शिवकन्यानंच सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, आणि अनुसयानं पुढच्या मुलाकातीला मला. अनुसया भाकरी थापत होती. तिनं थापणं थांबवलं नाही.

"रोज बापालाच विचारत होतीस?"

"हो."

"एक दिवस आमच्या माणसाचं नाव घातलं असतंस, तर दोघं आले असते."

हे खरं आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय, पुस्तकं उघडून हिशोब बघितलाय. थेंबातलं दुप्पट होणं असं आहे की एका सकाळनं माझी फाइल पुढं बरीच तगली असती. एका सकाळनं. अनुसयानं पोरीला जेवायला वाढलं, पोटभर खाऊ दिलं, आणि तिनं हात धुतल्यावर सांगितलं की उद्यापासून खोली बघ.

बराकीत मारोती वामनकडं घोंगडी मागायला गेला. हिवाळा लागला होता. वामन म्हणाला, "सुटणाऱ्याची घेतली होती. तू सुटला नाहीस त्यात माझा काय दोष?" मारोती वर्तमानपत्र अंथरून, वर्तमानपत्र पांघरून झोपायला लागला. माझ्याकडं दोन घोंगड्या होत्या. मी दिली नाही. सकाळी गिनतीला रांगेत उभा राहिला की मी त्याला म्हणायचो, मारोती, आज तुझी चिठ्ठी किती लाख झाली रे? पुढं पुढं रांगेत इतरही विचारायला लागले. तो नाव घेतल्यावर 'हजर' म्हणायचा, तेवढंच बोलायचा.

शिवकन्या मुलाकातीला आली, तो गेला नाही. पुन्हा आली, नाही गेला. छातीत कफ भरला. तुरुंगाच्या दवाखान्यात गेला आणि तिथंच मेला.

आणि मग बघा. कोठडीतला मृत्यू म्हणून चौकशी लागली. दंडाधिकाऱ्यांनी त्याची फाइल मागितली, दवाखान्यानं मागितली, मानवी हक्क आयोगानं मागितली, दोन वर्तमानपत्रांनी माहिती अधिकारात मागितली. जिवंतपणी ज्याला एका पोरीशिवाय कोणी विचारलं नाही, त्याला मेल्यावर सगळी सरकारं विचारायला लागली. आता त्या नळीत मारोतीशिवाय दुसरं कोणी उरलं नसेल.

चौकशीत चाचणी मागण्यांची यादी निघाली. शिवकन्याला कामावरून काढलं, शासकीय अभिलेखाशी छेडछाड म्हणून गुन्हा नोंदवला. आरोपपत्रात तिचं नाव सतरा ठिकाणी आहे. तुमच्या शेऱ्याचा उल्लेख एका ठिकाणीही नाही. तिच्या वकिलानं तो शेरा मागवला तेव्हा उत्तर आलं की तो अभिलेख आढळून येत नाही. तो मात्र कसा गेला हे मला विचारू नका, मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही.

जामिनावर सुटल्यावर ती मला भेटायला आली. बापाच्या जागी बसली. खटल्याचं हे सगळं तिनं त्या भेटीत सांगितलं, न रडता, एखाद्या चाचणीचा निकाल वाचावा तसं. मी तिला शिव्या द्यायचं ठरवून गेलो होतो. काचेच्या पलीकडं तिचं तोंड बघितलं आणि एकच विचारलं, की आता माझं नळीत काय उरलंय.

"तुमचं वॉरंट, काका," ती म्हणाली. "तुरुंगाची नळी वेगळी असते. रोज सकाळी गिनतीच्या वेळी प्रत्येक माणसाचं वॉरंट आपोआप मागितलं जातं, माणूस कायद्यानं आत आहे ना हे बघायला. तुमचं एकदम ठळक येतं."

मी बराकीत आलो आणि अर्ज लिहिला. तुमच्या कचेरीचं उत्तर आलं: प्रस्ताव नव्यानं सादर करावा, सोबत मयताच्या आईचा जबाब मूळ स्वरूपात जोडावा.

साहेब, मयताची आई मेली. जिवंत होती तेव्हा तिनं जे बोलायचं ते बोलून, अंगठा उठवून ठेवलं होतं. त्या बाईनं माझ्यावर उपकार केला आणि तो तुम्ही खर्च वाचवायला पातळ करून टाकलात. मारोती गेला, त्याला तुम्ही मारलंत असं मी म्हणतो. वर्तमानपत्रात छापा, न्यायालयात सांगा, माझी शिक्षा आणखी काय वाढवणार तुम्ही? पोरीवर खटला आहे. माझी बायको एकटी जेवते. आणि मी रोज सकाळी 'हजर' म्हणतो.

आता मला दुसरं काही नको, उत्तर पाहिजे. नोंद घेतली, योग्य त्या कार्यवाहीसाठी अग्रेषित, असलं नको. मला आत ठेवणारा कागद न चुकता रोज मागवायला तुमच्या राज्यात कोणीतरी नेमलेलं आहे. मला सोडणारा कागद मागवायचं काम कोणाचं होतं? हुद्दा सांगू नका. माणसाचं नाव सांगा.